ब्रिस्बेनचा टँक आणि आपली गच्ची

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना थोडी काटछाट केली आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक दुसरा विषय देत नाहीत. पण मी त्यांना म्हटलं, तो विषय राहू द्या, आता सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सगळं असतं. मी पाण्यावर बोलतो. तापलेल्या पाण्यावर. ते म्हणाले, बोला, पण अर्ध्या तासात संपवा, नंतर भेळ आहे. तेव्हा भेळेच्या आत संपवायचा प्रयत्न करतो.

तुम्हाला आठवत असेल, २०२३ च्या जानेवारीत आमच्या सौ.च्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाटी बदलली, असं आपण म्हणतो तेच. ऑपरेशन छान झालं, पण पाय काही पूर्ण वाकेना. व्यायाम करायचा म्हटलं की दुखायचं, दुखलं की व्यायाम राहायचा. त्यात आमची लेक ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असते, ती म्हणाली, तुम्ही दोघं इकडे या, माझ्या डोळ्यासमोर आईचा व्यायाम होईल. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिकडे पोचलो.

आता जून म्हणजे तिकडे थंडी. ब्रिस्बेनची थंडी म्हणजे आपल्या पुण्याच्या डिसेंबरइतकीच, दिवसा छान ऊन, रात्री स्वेटर. लेकीच्या घरामागे स्विमिंग टँक आहे. हे सांगताना मला जरा संकोच वाटतो, कारण आपल्याकडे घरात टँक म्हणजे सिनेमातलं घर. तिकडे तसं नाही. मध्यमवर्गाच्या गल्लीतसुद्धा चार घरं सोडून एकाकडे टँक असतो. त्याभोवती कुंपण मात्र घालावंच लागतं, कायद्याने, कमीत कमी १२०० मिलिमीटर उंचीचं, आणि फाटक आपोआप बंद होणारं. लहान मुलं बुडू नयेत म्हणून. हा कायदा मला फार आवडला.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, यांना पाण्यात चालवा. पाण्यात वजन हलकं होतं, सांध्यावर भार येत नाही आणि स्नायूंना मात्र काम होतं. सौ. खूश झाली. टँक घरातच! मी थर्मामीटर घेऊन गेलो आणि पाण्यात सोडला. सतरा अंश. सतरा अंशांचं पाणी म्हणजे काय, ते ज्यांनी पौषात विहिरीत उडी मारली आहे त्यांना सांगायला नको. मी पोहायला शिकलो तो गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, त्यामुळे मला माहीत आहे. पण सत्तरीच्या, नवीन गुडघ्याच्या बाईला त्यात कसं उतरवणार?

जावईबापू म्हणाले, बाबा, सोलर बसवू या. मी म्हटलं, अरे, सोलर मला शिकवू नका, आमच्या सोसायटीत सोलर मी बसवलं आहे. २०१२ साली, मी खजिनदार असताना. आणि हे मी जे बोललो ना, तिथेच माझ्या गोष्टीची सुरुवात आहे.

आपल्या गच्चीवरची पॅनेल तुम्ही पाहिली आहेत. काचेची पेटी, आत काळा पत्रा, त्याला तांब्याच्या नळ्या, आणि शेजारी जाड कोट घातलेली टाकी. आपल्याला पाणी साठ अंशांपर्यंत हवं असतं, म्हणून काच लागते, कोट लागतो. माझी कल्पना अशी की तिकडेही तेच येणार. आली कसली? काळ्या रबराच्या पट्ट्यांची गुंडाळी! सायकलच्या ट्यूबा शेजारी शेजारी चिकटवाव्यात तशा बारीक नळ्यांच्या पट्ट्या. काच नाही, पेटी नाही, टाकी नाही. जावयांनी आणि त्यांच्या एका मित्राने दोन शनिवार-रविवारांत पत्र्याच्या छपरावर ती चटई गोंदाने चिकटवून टाकली. मी खाली शिडी धरून उभा.

मी विचारलं, काच कुठंय? जावई म्हणाले, नको. टँकला पाणी सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर नकोच आहे. हवाच वीस-बावीस अंश असते. पट्टीतलं पाणी हवेपेक्षा थोडंसंच गरम ठेवायचं असेल तर उष्णता बाहेर जातेच किती? काचेचा खर्च कशाला? शिवाय टँकच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते तांब्याला सोसत नाही, रबराला चालतं. मला पटलं, पण मनातून नाही. काच नसलेलं सोलर म्हणजे मला तारणाशिवाय दिलेल्या कर्जासारखं वाटायला लागलं.

आणखी एक गंमत. आपल्याकडे पॅनेल दक्षिणेला तोंड करून बसवतात. तिकडे उत्तरेला. सूर्य तिकडे उत्तरेकडून जातो. मला हे भूगोलात माहीत होतं, पण छपरावर पट्ट्या उत्तरेकडे लागताना पाहून माझ्या तोंडून ‘अहो, चुकतंय तुमचं’ असं निघालंच. नात तेव्हा अकरा वर्षांची. ती जी हसली, ते अजून हसते.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. टँकचं पाणी गाळायला पंप आणि फिल्टर असतोच. फिल्टरमधून निघालेलं पाणी परत टँकमध्ये जायच्या आधी छपरावर पाठवायचं, पट्ट्यांतून फिरवायचं, आणि खाली आणायचं. छपरावर एक सेन्सर, टँककडून येणाऱ्या पाइपात दुसरा. छप्पर पाण्यापेक्षा काही अंशांनी गरम झालं की पंप सुरू, फरक संपला की बंद. बंद झाला की छपरावरचं पाणी खाली उतरतं आणि पट्ट्यांत हवा शिरते. त्यासाठी वर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप सुरू झाला की ती हवा टँकमध्ये बुडबुड्यांच्या रूपाने येते. पहिल्या दिवशी ते बुडबुडे पाहून मी आरडाओरडा केला, पाइप फुटला म्हणून. दोन मिनिटांत बुडबुडे थांबले. थांबले नाहीत तर काळजी करायची, एरवी नाही. नंतर रोज सकाळी नऊच्या सुमाराला ते बुडबुडे यायचे आणि आम्ही म्हणायचो, चला, बँक उघडली.

आता माझी चूक. एक नाही, दोन.

पहिल्या दिवशी दुपारी मी टँकच्या कडेला बसलो आणि छपरावरून येणाऱ्या पाण्याखाली हात धरला. कोमटसुद्धा लागेना! थर्मामीटर लावला. टँकमधलं पाणी साडेसतरा, छपरावरून येणारं एकोणीस. दीड अंश. मी म्हटलं, हे काय सोलर? आपल्याकडे नळाखाली हात धरवत नाही. जावई ऑफिसला गेलेले. मी पंपापाशी गेलो आणि छपराकडे जाणारा कॉक निम्मा फिरवला. पाणी हळू जाईल, वर जास्त वेळ थांबेल, जास्त तापेल. सरळ हिशेब. अर्ध्या तासात खाली येणारं पाणी छान गरम लागायला लागलं. मी सौ.ला हात लावून दाखवला. ती म्हणाली, अहो, खरंच की! मी कोणाला काही बोललो नाही. म्हटलं, टँक तापला की मग सांगू.

मला वहीत लिहायची सवय. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला टँकचं तापमान लिहून ठेवायचो, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसभरात जमा किती, रात्रीत खर्च किती, शिल्लक काय. दहा दिवसांनी शिल्लक पाहिली तर एकोणीसच्या आसपास. दिवसा अर्धा-पाऊण अंश जमा, रात्री तेवढाच खर्च. खातं वाढेचना.

दुसरी चूक याच काळातली. पट्ट्या पुरवणाऱ्याच्या कोटेशनमध्ये टँकवर रात्री पसरायची एक चादर होती. बुडबुड्यांच्या प्लास्टिकची असते ना, काचेच्या वस्तू गुंडाळून येतात तसली, पण जाड. त्याची किंमत पाहून मी जावयांना म्हटलं, प्लास्टिकच्या चादरीला एवढे पैसे? काही गरज नाही, आधी सोलर चालू तर द्या. ते बिचारे सासऱ्याचा मान ठेवून गप्प बसले. रक्कम मी इथे सांगत नाही, सौ. समोर बसली आहे.

जुलैच्या मध्यात एका दुपारी, ऊन छान होतं, सौ. म्हणाली, मी उतरते आज. मला माहीत होतं पाणी एकोणीस आहे. मी म्हणालो नाही की नको उतरू. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, तिने उतरावं, म्हणजे आपलं सोलर चाललं असं होईल. आणि तिलाही ते कळत होतं. ती माझ्यासाठी उतरली. पायऱ्यांवरून कठडा धरून कमरेपर्यंत गेली, चार फेऱ्या मारल्या, हसून दाखवलं, आणि सातव्या मिनिटाला पोटरीत गोळा आला. ओठ निळे. मी कपड्यांसकट पाण्यात. नात पळत शेजारच्यांना बोलवायला गेली. आम्ही तिला वर काढलं, काही झालं नाही, पण त्यानंतर आठवडाभर तिने तो पाय वाकवला नाही. भीती बसली. लेक संध्याकाळी आली आणि मला जे बोलली, ते मी इथे सांगणार नाही. बरोबरच बोलली.

त्या रात्री जावयांनी पंपाजवळ टॉर्च मारली आणि निम्मा फिरवलेला कॉक पाहिला. मला विचारलं, बाबा, हे तुम्ही केलंत? मी कबूल केलं. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी बँकेच्या भाषेत तुम्हाला सांगतो. मी व्याजाचा दर पाहत होतो, रक्कम पाहत नव्हतो. पाणी हळू सोडलं की थोडं पाणी खूप तापतं. पण पट्ट्या उघड्या आहेत, वर वारा आहे. पट्टी जितकी गरम, तितकी जास्त उष्णता वाऱ्यावर उडून जाते. पाणी जोरात सोडलं की पट्टी थंड राहते, उष्णता उडत नाही, सगळी पाण्याबरोबर खाली येते. प्रत्येक लिटर दीड-दोन अंशच तापतं, पण लिटर किती? हजारो. हाताला थंड लागतं, खात्यात जास्त जमा होतं.

आणि खर्चाची बाजू. टँक आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, खोली सरासरी एक मीटर चाळीस. म्हणजे जवळपास पंचेचाळीस हजार लिटर पाणी. ते एक अंशाने तापवायला सुमारे बावन्न युनिट उष्णता लागते. आपल्या घरातला दोन किलोवॅटचा गीझर सव्वीस तास सतत चालू ठेवा, तेवढी. आणि जाते कुठून? मला वाटायचं, तळातून, भिंतीतून, जमिनीत. तसं नाही. मोठा भाग पाण्याच्या वाफेबरोबर जातो. टँकची पातळी रात्रीत तीन मिलिमीटरने उतरली, डोळ्याला दिसणारही नाही, तरी शंभर लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन गेलं आणि त्याबरोबर साठ-पासष्ट युनिट. म्हणजे अंशापेक्षा जास्तच. दिवसभराची कमाई रात्रीत साफ. आणि ती अडवणारी जी चादर, ती मी नको म्हटलेली!

चादर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली. नात आणि मी रोज संध्याकाळी पाचला दोन टोकं धरून ती पसरायचो, सकाळी नऊला बुडबुडे यायच्या आधी गुंडाळायचो. कॉक पूर्ण उघडा. वहीत दिवसा एक-सव्वा अंश जमा दिसायला लागला, रात्रीचा खर्च पाव-अर्ध्या अंशावर आला. अठरा दिवसांनी पाणी चोवीस. मध्ये दोन दिवस पाऊस झाला तेव्हा खातं जरा उतरलं, इतकंच. एकदा काकाकुव्यांचा थवा छपरावर उतरला. पांढरे, पिवळ्या तुऱ्याचे, दिसायला देखणे आणि चोच म्हणजे पक्कड. त्यांना ते मऊ रबर कुरतडायला फार आवडतं. एक पट्टी गळायला लागली, ती बंद करून टाकावी लागली. आपल्याकडे कबुतरांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावं.

पण चोवीस अंश झालं तरी सौ. उतरेना. पाण्याला माझा हिशेब कळत होता, भीतीला कळत नव्हता. ती रोज कडेला खुर्चीवर बसायची, पाय सोडायची, काढायची. मी काही बोलायचो नाही. एवढं तरी शिकलो होतो. सप्टेंबरच्या दहा-बारा तारखेला पाणी सव्वीस होतं. नात पाण्यात होती. ती म्हणाली, आजी, मला तुझ्या हाताला धरून उलटं पोहून बघायचंय. आणि ही गेली उतरून. वीस मिनिटं चालली. नोव्हेंबरात आम्ही परत आलो तेव्हा ती आपल्या जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत कठडा न धरता चढली, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं आहे.

आता गच्चीवर या.

२०१२ साली आपण सोलर बसवलं तेव्हा अठ्ठावीस फ्लॅटसाठी तीन हजार लिटरची सिस्टीम घेतली. महापालिकेच्या करात सवलत मिळते, हे मी सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगितलं, टाळ्या घेतल्या. कोटेशनमध्ये आणखी दोन गोष्टी होत्या. एक, खाली जाणाऱ्या सगळ्या गरम पाइपांना कोट. दुसरी, तळाशी पोचलेलं पाणी परत वर टाकीत नेणारी एक बारीक लाइन आणि छोटा पंप, म्हणजे पाइपात पाणी थंड होऊन साचत नाही, नळ उघडला की लगेच गरम येतं. या दोन्ही बाबी मी खोडल्या. लाल पेनने. इतिवृत्तात माझं वाक्य आहे, मी मुद्दाम परवा जाऊन पाहिलं: ‘सदर खर्च चैनीचा असल्याने वगळण्यात यावा.’ सूचक मी, अनुमोदक मला आठवतात, पण ते आज इथे आहेत म्हणून नाव घेत नाही.

सातव्या मजल्याला काही फरक पडला नाही. टाकी त्यांच्या डोक्यावरच. फरक पडला तो तळमजल्याला. दीड इंची पाइपात मीटरला एक लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी मावतं. गच्चीवरचा आडवा पाइप आणि खालपर्यंतचा उभा पाइप धरला तर पंचेचाळीस मीटर होतात. म्हणजे रात्रभरात थंड झालेलं पन्नास लिटर पाणी. पहाटे जो पहिला नळ उघडेल, त्याने अडीच बादल्या थंड पाणी काढायचं, मग गरम.

आपल्याकडे पहिला नळ कोण उघडायचं, ते तुम्हाला माहीत आहे. तळमजल्यावरच्या मावशी. पहाटे पाचला त्यांची आंघोळ. मुलगा बाहेरगावी, एकट्या. थंडीत हाताने बादल्या भरून बाजूला ठेवायच्या, मग आंघोळ. त्यांनी कधी कमिटीकडे तक्रार केली नाही. माझ्याकडे एकदाच बोलल्या, तेही हसत. म्हणाल्या, भाऊ, तुमच्या सोलरने माझी तुळस चांगली जगली. ते बादल्यांमधलं पाणी त्या झाडांना घालायच्या, उरलेलं कामवालीला फरशीला द्यायच्या. मी ते कौतुक म्हणून घेतलं. घरी येऊन सौ.ला सांगितलंसुद्धा, बघ, मावशी खूश आहेत.

रोज पन्नास लिटर, अकरा वर्षं. मी वहीत मांडलं तर दोन लाख लिटर होतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर. आणि ते सगळं एका म्हाताऱ्या बाईने हाताने उचललेलं.

ब्रिस्बेनला चादरीची किंमत खोडताना माझ्या हातात तेच पेन होतं, हे मला तिथेच, त्या टँकच्या कडेला बसून लक्षात आलं. ठरवलं होतं, परत गेलो की मावशींकडे जायचं आणि सांगायचं. नोव्हेंबरात आलो. आधी जेट लॅग, मग दिवाळीचं फराळाचं, मग सौ.चे एक्स-रे. आज जाऊ, उद्या जाऊ. जानेवारीत मावशी गेल्या. त्यांच्या दारातली तुळस त्यांचा मुलगा जाताना माझ्याकडे देऊन गेला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, फक्त आमच्या गॅलरीत ऊन येतं म्हणून.

तेव्हा तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या सगळ्या सभासदांची मी इथे, रौप्यमहोत्सवाच्या या सभेत माफी मागतो. इतिवृत्तात नोंद व्हावी अशी सेक्रेटरींना विनंती.

काम फार मोठं नाही. मी तीन ठिकाणची कोटेशन्स आणली आहेत. परतीची लाइन, पाइपांना कोट, आणि टायमर लावलेला पंप, जो पहाटे साडेचार ते आठ एवढाच चालेल, म्हणजे दिवसभर उष्णता उगाच फिरत राहणार नाही. पाचव्या आणि सहाव्या मजल्यावरच्या काही जणांचं म्हणणं आहे की आम्हाला त्रास नाही तर आम्ही पैसे का भरायचे. तो प्रश्न मी समजू शकतो, २०१२ साली मी तोच विचारला असता. पण गच्ची सगळ्यांची आहे आणि सोलरचे पैसे तेव्हा तळमजल्यानेही सारखेच भरले होते. माझ्या वाट्याचे मी भरलेले आहेत, पावती खजिनदारांकडे आहे. सातपैकी चार पॅनेलच्या रांगांत क्षार साचले आहेत, कारण मध्यंतरी दोन उन्हाळे बोअरचं पाणी चढवलं होतं. तेही याच वेळी साफ करून घ्यावं लागेल.

उद्या रविवार. सकाळी सात वाजता मी थर्मामीटर आणि वही घेऊन गच्चीवर असेन, मग एकेक मजला खाली उतरत प्रत्येक घरात किती बादल्यांनंतर गरम पाणी येतं ते लिहून घेणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं. किल्ली वॉचमनकडे आहे. तळमजल्याच्या दोन नंबरमध्ये नवीन बिऱ्हाड आलं आहे, त्यांच्याकडे लहान बाळ आहे, म्हणून तिथे आधी जाऊ.

भेळ आली वाटतं.